फॉरमॅट मारण्याआधी थांबा

(प्रभागसंघाच्या डिसेंबरच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. "लिहून द्या, घरी पोरांनाही वाचून दाखवू," असं बऱ्याच जणी म्हणाल्या, म्हणून जसं बोलले तसंच देते आहे.)



आज मी बचतीवर बोलणार नाही, थकबाकीवरही नाही. आज एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर बोलणार आहे. तो बंद पडला तो माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. मी समाजकार्य शिकलेय, कॉम्प्युटर दुरुस्ती नाही. पण या प्रकरणात जे शिकले ते तुमच्या कामाचं आहे. आता गावोगावी आपले हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर चाललेत, त्यामुळे ही वेळ उद्या कुणावरही येऊ शकते.

गोष्ट आपल्याच एका ग्रामसंघाची आहे. लिपिका ताईंच्या घरी कॉम्प्युटर आहे. मुलाच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला. मुलगा पुण्याला कामाला लागला, कॉम्प्युटर घरीच राहिला. ताई त्यावर एक्सेल शिकल्या. अकरा गटांची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, परतफेड, सगळं त्यात. सभेचं प्रोसिडिंगसुद्धा त्यावरच टाईप करतात.

ऑक्टोबरमध्ये स्क्रीनवर सूचना यायला लागली. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरीही आली असेल. विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडत नाही. फक्त चोरापासून बचावाच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला फुकट यायच्या, त्या थांबतात. कुंपणाची तार तुटली तर आता कुणी येऊन बांधून देणार नाही, असं समजा. म्हणून विंडोज ११ वर जा, असं स्क्रीन सांगत होती.

ताईंनी मला विचारलं, "मॅडम, काय करू?"

दिवाळीनंतरचा शुक्रवार होता, संध्याकाळचे साडेपाच. चहा पिता पिता मी म्हटलं, "करून टाकू की. एक बटण तर दाबायचंय." आणि दाबलं. हे वाक्य मला फार महागात पडलं.

सात वाजता लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली होती, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. नऊला लाईट आली. कॉम्प्युटर चालू केला तर इंग्रजीत ओळ आली: "अनडूइंग चेंजेस मेड टू युवर कॉम्प्युटर". म्हणजे, केलेले बदल मागे घेतोय. गोल फिरतोय, फिरतोय. वीस मिनिटं वाट बघितली आणि मी म्हटलं, हा अडकलाय. बटण दाबून बंद केला. परत चालू केला, तर काळी स्क्रीन. पुढे काहीच नाही.

ताई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सोमवारी बँकेत चार गटांचे प्रस्ताव द्यायचेत."

मी विचारलं, पेनड्राईव्हवर कॉपी आहे ना? होती. गणपतीच्या आधीची. त्यानंतरच्या दोन महिन्यांची बचत, हप्ते, नवं कर्ज, काहीच त्यात नव्हतं.

नेमकं झालं काय?

हे समजून घेऊ, म्हणजे भीती कमी होईल. आपल्या गटात पदाधिकारी बदलतात तेव्हा काय होतं? ठराव होतो, सही बदलायला बँकेत कागद जातो, जुन्या अध्यक्ष शिक्का, रजिस्टर, किल्ली देतात, नव्या घेतात. हा चार्ज देण्याघेण्याचा दिवस. समजा अर्ध्यातच काम थांबलं. शिक्का नव्यांकडे, किल्ली जुन्यांकडे, बँकेत जुनी सही रद्द आणि नवी अजून लागलेली नाही. मग खात्यातून रुपयासुद्धा निघत नाही. पण पैसे कुठे गेले का? नाही. पैसे खात्यातच आहेत. फक्त काढणारं कुणी नाही.

विंडोज म्हणजे कॉम्प्युटरचे पदाधिकारी. अपग्रेड म्हणजे चार्ज बदलणं. आणि आपले हिशोब म्हणजे खात्यातले पैसे. पदाधिकाऱ्यांचा घोळ झाला म्हणून पैसे बुडत नाहीत.

"बदल मागे घेतोय" ही ओळ म्हणजे जुन्या अध्यक्ष शिक्का परत घेऊन घडी नीट बसवत होत्या. त्याला कधी कधी दोन-तीन तास लागतात, जुन्या डिस्कवर तर जास्तच. मी वीस मिनिटांत बटण दाबलं. लाईट जाणं माझ्या हातात नव्हतं. बटण दाबणं होतं. कॅबिनेटवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे असं समजायचं, जेवून घ्यायचं, झोपायचं, सकाळी बघायचं.

दुकानातला शनिवार

शनिवारी कॉम्प्युटर गाडीवर बांधून तालुक्याच्या गावी नेला. दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा." मी लगेच म्हटलं, "मारा."

ताईंनी माझा हात धरला. "थांबा. फॉरमॅट म्हणजे काय?"

दुकानदार म्हणाला, "सगळं कोरं करून नवीन टाकायचं."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल ना ताई. बॅकअप असेल तर टाका परत."

ताई म्हणाल्या, "मग नको. आतलं आधी बाहेर काढा."

डाटा काढायचे पैसे वेगळे आणि चार दिवस लागतील, असं उत्तर आलं. त्याचं काही चुकलं नाही, त्याने आपलं काम सांगितलं. त्याच्यासाठी ते एक मशीन होतं. आतल्या अकरा गटांचा घाम त्याला कसा दिसणार? तो बघणं आपलं काम. आम्ही कॉम्प्युटर तसाच परत आणला.

तायांनो, या सगळ्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. "फॉरमॅट मारू का?" असं कुणी विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही. आधी विचारायचं, आतलं बाहेर काढलंय का? काढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचं. कर्ज मागणीचा अर्ज न वाचता आपण मंजूर करतो का? मग हे कसं करायचं?

आम्ही काय केलं

शनिवारी संध्याकाळी ताईंचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. गटातल्या एक ताई शिलाई मशीन स्वतः खोलून दुरुस्त करतात, त्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या. आधी वायर भिंतीतून काढली. मग कॅबिनेट उघडलं. त्या म्हणाल्या, "एवढंच आहे होय आत? शिलाई मशीन बरी की अवघड." हार्ड डिस्क बाहेर काढली आणि केबलने शेजारच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क यूएसबीला जोडायची केबल कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला मात्र वेगळी वीज लागते, तेव्हा तशी जोडणी असलेलीच केबल घ्या.

लॅपटॉपवर फोल्डर उघडले. सगळं होतं. आदल्या दिवशीच्या बचतीसकट.

आधी दोन ठिकाणी कॉपी केली, एक पेनड्राईव्हवर, एक लॅपटॉपवर. मग डिस्क परत बसवली आणि दुरुस्तीला लागलो. सुरू होताना बटण दाबून धरून दोन-तीन वेळा बंद केला की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन उघडतं. असं बंद करणं एरवी वाईटच. फक्त कॉम्प्युटर मुळीच सुरू होत नसेल आणि दिवाही लुकलुकत नसेल, तेव्हाच. त्यात "ट्रबलशूट" म्हणजे अडचण शोधा, आणि त्याच्या आत "स्टार्टअप रिपेअर" म्हणजे सुरू होण्याची दुरुस्ती. ते केलं, जमलं नाही. मग "रिसेट" आणि त्यातलं "कीप माय फाइल्स". म्हणजे माझ्या फायली ठेव, विंडोज नवीन बसव. यात फायली राहतात, पण आपण नंतर टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. रविवारी दुपारी विंडोज १० परत उभं राहिलं. टाळ्या वाजल्या.

आणि मराठीच नाही

एक्सेल परत टाकून उघडलं. नावं इंग्रजीत आणि आकडे आकडेच, सगळं व्यवस्थित. मग बँकेला द्यायच्या ठरावासाठी प्रोसिडिंगची फाईल उघडली. त्यात मराठी नव्हतीच. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वेड्यासारखी.

झालं असं की ताई जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करायच्या. या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरच लिहितो, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. रिसेटमध्ये फॉन्ट गेला, मुखवटा गेला. युनिकोडचं तसं नाही. त्यात क, ख, ग ला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, त्यामुळे ती फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाईलवर मराठीच दिसते. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जे मराठी लिहिता, ते युनिकोडच आहे.

सोमवार उजाडायला एक रात्र होती. तेव्हा ग्रामसंघाच्या सचिव मावशी उठल्या आणि घरून हाताने लिहिलेलं प्रोसिडिंग रजिस्टर घेऊन आल्या. "तुमचं ते टायपिंग चालू झाल्यापासून मला सगळे म्हणत होते, आता कशाला लिहिता. मी म्हटलं, लिहिते आपली." प्रत्येक सभा, प्रत्येक ठराव, प्रत्येक सही. त्यावरून रात्री दहापर्यंत ठराव नव्याने टाईप केला, यावेळी युनिकोडमध्ये. सोमवारी चारही प्रस्ताव बँकेत गेले.

(जुना फॉन्ट नंतर एका टायपिंगवाल्याकडे मिळाला. फाईल वर्डमध्ये उघडली की वर फॉन्टचं नाव दिसतं, तेवढं त्याला सांगितलं. फॉन्ट टाकल्यावर सगळं प्रोसिडिंग परत वाचता आलं.)

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट असतो. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या भागात जाऊन मराठी भाषा जोडायची. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीची मराठी होते. "फोनेटिक" कीबोर्ड घेतला तर उच्चाराप्रमाणे टाईप होतं, मोबाईलसारखं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा

ताई म्हणाल्या, "आता परत करून बघू." मी म्हटलं, खरंच? त्या म्हणाल्या, "आता काय भीती, हिशोब तीन ठिकाणी आहे."

यावेळी सकाळी बसलो. यूपीएसला नवी बॅटरी. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवून डिस्कवर ३० जीबी जागा मोकळी. आधी "पीसी हेल्थ चेक" हा फुकटचा प्रोग्रॅम चालवून बघितलं की हे मशीन विंडोज ११ ला चालतं का. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, कंपनीच्या यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ही टीपीएम बऱ्याच मशीनमध्ये असते, फक्त बंद ठेवलेली असते. "नाही चालणार" असं आलं तर आधी जाणकाराकडून तेवढं तपासून घ्या.

ताईंचं मशीन चालत होतं. सुरू केलं. आणि परत फसलं! "बदल मागे घेतोय." यावेळी कुणी हात लावला नाही. आम्ही भाकरी टाकल्या, जेवलो. दीड तासाने विंडोज १० जसंच्या तसं समोर, आणि एक नंबर: शून्य एक्स, सी १९००१०१. मोबाईलवर फोटो काढला.

तायांनो, हा नंबर म्हणजे मशीनने केलेली तक्रार असते. ती वाचायची असते. सी १९००१०१ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेल्या एखाद्या वस्तूची अडचण असते. ८००७००७० आला तर डिस्कवर जागा नाही. सी १९००२०८ आला तर एखादा जुना प्रोग्रॅम आडवा येतोय. फोटो दाखवलात तर दुकानदारसुद्धा अंदाजाने फॉरमॅट मारणार नाही.

आम्ही प्रिंटर, पेनड्राईव्ह आणि वायफायचा जुना डोंगल काढून टाकला, डोंगलचा प्रोग्रॅमही काढला. तिसऱ्यांदा केलं. अडीच तासांनी विंडोज ११ आलं. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत आवडलं नाही तर सेटिंग्जमधून जुन्यावर परत जाता येतं, तेवढे दिवस डिस्क साफ करायची घाई करू नका.

बघा, पहिल्यांदा फसलं तेव्हा आम्ही रात्रभर जाग्या होतो. दुसऱ्यांदा फसलं तेव्हा भाकरी टाकत होतो. मशीन तेच, बाई तीच. मधल्या काळात फक्त हिशोबाच्या तीन प्रती झाल्या होत्या.

जुनं मशीन असेल तर

कुणी म्हणेल तुमचा कॉम्प्युटर आता भंगार, नवा घ्या. लगेच कर्ज काढू नका. घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालू ठेवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

लिनक्स नावाची फुकट पद्धतही आहे, जुन्या मशीनवर हलकी चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने त्यातूनच "बॉस" नावाची भारतीय पद्धत बनवली आहे, तिच्यात मराठी आहे. हिशोबाला लिब्रेऑफिस फुकट मिळतं. पण प्रिंटर चालतो का, बँकेचं काम होतं का, हे आधी बघून घ्या. यादीत नसलेल्या मशीनवर कुणी जुगाड करून विंडोज ११ टाकून देतो म्हणाला, तर पुढे दुरुस्त्या येतीलच याची खात्री नसते, हे ध्यानात ठेवा.

लॅपटॉपवाल्यांना एक सांगते. काही लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद असते. अपग्रेडनंतर तो ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा. कुलूप लागल्यावर शोधायला निघालात तर तारांबळ उडेल.

आणि "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे" असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनी असा फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर कराल तितकं बरं.

शेवटी एक ठराव

आपल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत, बीजमाता, २०२० च्या पद्मश्री. त्यांनी गावठी वाण जपले, म्हणून ते आज शेतात आहेत. आपल्या आज्याही राखेत बी घालून मडकं बाजूला ठेवायच्या. पाऊस दगा देईल, पीक जाईल, पण बी राहिलं पाहिजे. हिशोबाचंही तसंच. कॉम्प्युटर पीक आहे. नोंद बी आहे.

म्हणून आजच्या सभेपुढे मी हा ठराव मांडते. एक, दर मासिक सभेनंतर त्याच दिवशी लिपिकेने हिशोब पेनड्राईव्हवर घ्यावा. दोन, ती पेनड्राईव्ह लिपिकेच्या घरी ठेवू नये, कोषाध्यक्षांच्या घरी ठेवावी. कारण आग लागली, चोरी झाली तर एकाच घरातल्या दोन्ही प्रती जातात. तीन, तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघावी. चार, हाताने लिहिलेलं रजिस्टर बंद करू नये. पाच, अपग्रेड करायचं तर सभेच्या किंवा बँकेच्या आदल्या दिवशी नको, सकाळी करा, आणि यूपीएस तपासूनच करा.

सूचक म्हणून मी सचिव मावशींचं नाव घेते. अनुमोदन कोण देतंय?

(तेरा हात वर झाले. ठराव सर्वानुमते मंजूर. प्रोसिडिंगमध्ये नोंद झाली आहे, टाईप करून आणि हाताने, दोन्ही.)



— तुमची क्षेत्र समन्वयक